धोंड्याचं आवतण आणि स्प्लिटचं बटण

माझ्या सासऱ्यांनी मला धोंड्याच्या जेवणाचं आवतण रेडिओवरून दिलं, मी ते लगेच स्वीकारलं, आणि त्यामुळे आमचं बोलणं बंद झालं.

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे हं! हा हॅम रेडिओ. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि मग घरात बसून जगाशी बोलत सुटायचं. (मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं दिवसभर माझं कुणी ऐकत नाही. म्हणून हा छंद.) माझी बायको सुनंदा रेडिओला 'डबा' म्हणते. पडेगावच्या आमच्या घरात सकाळ उजाडते तीच मुळी "बसलात का डब्यापुढं?" या भूपाळीनं.

हे वेड मला लावलं सासऱ्यांनी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वैजापूरच्या पुढं त्यांचं गाव. कांदा, कपाशी, आणि घरामागं उंचच उंच लोखंडी पाइपाला बांधलेली एक तार. मी सुनंदाला बघायला गेलो तेव्हा ती तार पाहून कौतुकानं म्हणालो, "वा! कपडे वाळवायची सोय लई उंच केलीय!" पोहे खाणारे सगळे एकदम थांबले. दुसऱ्या कुणी असल्या ठोंब्याला पोरगी दिली नसती. तात्यांनी दिली, आणि वर मला शिकवायलाही बसले. परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा सपाटून आपटलो. दोन्ही वेळा तात्या एवढंच म्हणाले, "पेपर लई अवघड काढत्यात आजकाल." तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा त्यांनी आपला जुना रेडिओ फडक्यात गुंडाळून मला आणून दिला. हाच तो डबा.

रोज सकाळी साडेसहाला तात्यांची 'नेट' भरते. म्हणजे मराठवाड्यातले आठ-दहा हॅम एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, तात्या शाळेतल्यासारखी हजेरी घेतात आणि मग पाऊसपाणी, बाजारभाव, गुडघेदुखी असं सगळं होतं. तात्यांकडे फोन आहे, पण त्यांचा त्यावर जीव नाही. "फोनवर कुणीबी बोलतं," ते म्हणतात.

आता मुख्य भानगड. दक्षिणेकडच्या समुद्रात कुठंतरी एक बेट आहे. तिथं माणूस राहत नाही, पक्षी राहतात. जगातले पाच-सहा खुळे हॅम बोटीनं तिथं गेले आणि बोलायला लागले. अशा दुर्मिळ ठिकाणाहून कुणी बोललं की सगळी दुनिया त्याच्यावर तुटून पडते. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर ओरडले तर त्या बिचाऱ्याचाच आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. म्हणून तो बोलतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐकतो दुसरीवर. आपण त्याच्या उलट करायचं. तहसिलात नसतं का, अर्ज त्या खिडकीत द्या, दाखला या खिडकीत घ्या? तसंच. याला म्हणतात स्प्लिट, आणि त्यासाठी रेडिओवर एक बटण असतं. ते दाबलं की बोलायची खिडकी वेगळी, ऐकायची वेगळी.

एका रविवारी दोन तास 'अर्ज' टाकल्यावर मला बेटाचं उत्तर आलं! मी रेडिओ बंद केला आणि उड्या मारत स्वयंपाकघरात गेलो.

"सुनंदा, बेट लागलं!"

"बरं झालं. दूधबी लागलंय खाली, तेवढं पातेलं घासून टाका."

रेडिओ बंद केला, पण स्प्लिटचं बटण तसंच राहिलं. हा रेडिओ शेवटचं सगळं लक्षात ठेवतो. (या बाबतीत तो सुनंदावर गेलाय.)

तुम्ही म्हणाल, स्प्लिट चालू असलं की दिवा लागत नाही? लागतो की! ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा. पण गेल्या खंडेनवमीला सुनंदानं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळी, पाना, मिक्सर, मोटारसायकल आणि डबा. डब्याला तिनं ओल्या कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं त्या दिव्यावर. कुंकू वाळून पापडी धरली. आता पूजेचं कुंकू आपल्या हातानं कोण पुसेल? मी नाही पुसलं. मग बोलताना रेडिओवरचा आकडा बदलतो, तो तरी दिसला असेल? नाही दिसला. मला डोळे मिटून बोलायची सवय आहे.

सोमवारी साडेसहाला मी डायल फिरवून नेटवर आलो. माझी ऐकायची खिडकी नेटवर आली, बोलायची खिडकी मात्र बेटाच्या वेळी होती तिथंच. मला सगळ्यांचं ऐकू येत होतं. माझं नेटवर कुणालाच ऐकू जात नव्हतं! (हे आज कळतंय. तेव्हा मी गालातल्या गालात हसत बेटाची बातमी सांगायला टपलो होतो.)

हजेरीत पहिलं नाव माझं. तात्यांनीच सुरुवात केली. "जावईबापू, अधिक महिना लागलाय. मागच्या अधिकात तुमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, तुमचा धोंडा राहून गेला. त्यांच्या मनाला ते लई लागलंय. या टायमाला येता रविवार सोडून पुढच्या रविवारी तुम्ही अन सुनंदा जेवायला यायचं. अनारशाचे तांदूळ तीन दिस भिजवावे लागत्यात, पीठ मुरावं लागतं. सांगा, घालू का तांदूळ भिजत? ओव्हर."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. (एरवी तो दहावा ग्रह.) पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, ओवाळणं, सगळा थाट! आणि सासूबाईंची तीन वर्षांची रुखरुख. मी गहिवरून माइक दाबला, डोळे मिटले.

"तात्या, घाला तांदूळ! येतो म्हणजे येतोच! ओव्हर."

मी कान लावून बसलो.

"जावईबापू, ऐकताय ना? यायचं काय मग? ओव्हर."

"येतो की तात्या! ओव्हर!"

"आं? काय बोलंनात ते."

"येतो! येतो! येतो! ओव्हर!"

नेटवरचं कुणीतरी म्हणालं, "तात्या, जावई झोपला असंल." सगळे हसले. तात्या हसले नाहीत. "असू द्या," ते म्हणाले, "पुढं चला." आणि त्यांनी पुढच्याची हजेरी घेतली.

मी आ वासून बसलो. आठ-दहा माणसांसमोर मी तीनदा हो म्हणालो, आणि माझ्या होकाराला वाटाण्याच्या अक्षता!

मंगळवारी मी आधी रेडिओ तपासला. मेंटेनन्सचा माणूस आहे मी, उगाच कुणावर आळ घेत नाही. गच्चीवर चढून तार बघितली. केबलचे जोड ओढून बघितले. माइक दाबून 'हॅलो' म्हटलं की सुई झपकन उजवीकडे जात होती, म्हणजे आवाज बाहेर पडत होता. रेडिओ ठणठणीत. मग बिघाड कुठं? सासरी!

नेटवर तात्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा हो म्हणालो, ते पुन्हा "असू द्या" म्हणाले. संध्याकाळी सुनंदाला तिच्या आईचा फोन आला. फोन ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"अहो, तात्यांनी धोंड्याचं विचारलं तर तुम्ही तोंड उघडलं नाही म्हणं?"

"उघडलं! दोन दिवस उघडतोय!"

"मग तात्या खोटं बोलत्यात?"

(लग्न झालेल्या वाचकांना या प्रश्नाचं वजन सांगायला नको.)

"मी कुठं तसं म्हटलं? त्यांना ऐकायचंच नाही."

"मग फोन करून सांगा की!"

"मी का करू? जावई मी आहे!"

तिनं तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, "मी का करू? दोन दिस चारचौघांत इचारलं. मुलीचा बाप झालो म्हणून काय पाय धरू?"

"मी सांगते ना तात्या, ते येणार हायेत!"

"तू नको सांगू. त्यांना तोंड हाय."

सुनंदानं फोन आपटला. "दोघंबी खोटारडे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोडक्याची भाजी झाली.

बुधवारी मला कारणही सापडलं. मागच्या महिन्यात मी तात्यांच्या नव्या पंपाच्या वायरिंगला नावं ठेवली होती. त्याचाच हा राग! मी माइकवर तसं स्पष्ट सांगितलं, "तात्या, पंपाचा राग धोंड्यावर काढू नका. ओव्हर." तात्या तेव्हा कुणाला तरी कांद्याच्या चाळीबद्दल सांगत होते. माझं बोलणं ते ज्या सफाईनं टाळत होते त्याचं मला, खरं सांगतो, मनातून कौतुकच वाटलं.

गुरुवारी मात्र तात्यांनी आवतणाचं नावसुद्धा काढलं नाही. माझी हजेरीच घेतली नाही! वगळलं मला! नाकाला मिरच्या झोंबल्या. सुनंदा आंघोळीला गेली होती. मी दार लोटलं, माइक दाबला आणि डोळे मिटून सुटलो.

"तात्या, तुम्ही ऐकत नाही ना? नका ऐकू! मीच बोलतो! गेल्या मे महिन्यात साडू आले तर त्यांना उशीची खुर्ची अन मला प्लास्टिकचं स्टूल! त्यांना आमरसाच्या दोन वाट्या, मला एक! तुम्ही पत्त्यात राणी मांडीखाली सारता, मी बघितलंय! अन सासूबाईंचे दिवाळीतले अनारसे! दाढेतलं सिमेंट निघालं माझं, पण मी बोललो का? नाही बोललो!"

श्वास घ्यायला थांबलो. आणि काय झालं कुणास ठाऊक, बोलताना माझाच आवाज बसायला लागला.

"पहिला कारखाना बंद पडला तेव्हा आठ महिने मी घरी होतो, तात्या. दर महिन्याला तुम्ही ज्वारीचं पोतं आणून टाकायचे अन म्हणायचे, घरी ठिवायला जागा नाय हो. तुमच्या घरी ट्रॅक्टर मावतो, पोतं मावत नव्हतं व्हय? मला कळत नव्हतं का? माझे वडील गेले त्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी बसून राहिले, एक शब्द बोलले नाही. बापामागं मला बाप राहिला तो तुम्ही. हे मी कधी बोललो नाही. आज तुम्ही ऐकत नाही म्हणून बोलतोय. ओव्हर."

नाक पुसलं आणि कामावर गेलो.

शुक्रवारी मी बोलणारच नव्हतो. रुसवा म्हणजे रुसवा. नुसतं ऐकत बसलो. सुनंदा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तात्यांनी हजेरी संपवली आणि घसा खाकरला.

"मंडळी, एक सांगायचं राहिलं. घरचा धोंड्याचा कार्यक्रम होता तो मी रद्द..."

"ब्रेक, ब्रेक!" एक नवाच म्हातारा आवाज मध्ये घुसला. "माफ करो साहब! बाहर का आदमी हूँ, दो मिनट मिलते क्या?"

"बोला," तात्या म्हणाले.

"मैं बिदर के बाजू से बोल रौं. इस्माईल चाचा बोलते मेरे कू. उदगीर में तीस साल घडी का दुकान था, मराठी पूरी समझती. हम दो-तीन बुड्ढे रोज सुबह इधर ऊपर की फ्रिक्वेन्सी पे गप्पां मारते. सोमवार से एक साहब वहाँ आ को तुमको पुकार रे. 'तात्या, येतो, येतो!' मैं रोज जवाब देरौं, मियाँ, तुम गलत जगह आए! मगर उनको सुनाईच नई देता. बोलते, रूठते, चले जाते. किसी का घर बिगडता देख को मेरे से रहा नई गया. ढूँढते ढूँढते तुम्हारे कने आया."

मी ताडकन सरळ बसलो.

"काय बोलले ते?" तात्यांनी विचारलं.

"ठैरो, चष्मा लगाता हूँ. लॉगबुक में सब लिख को रख्या हूँ."

हॅम माणसाची ही जुनी शिस्त. रेडिओवर जे झालं ते तारीख, वेळ आणि आवाजाच्या दर्जासकट वहीत उतरवायचं. चाचा शिस्तीचे निघाले! मी झडप घालून माइक दाबला. "चाचा, नक्को! बस करा! हात जोडतो!" हे बोलणं थेट बिदरच्या त्या फ्रिक्वेन्सीवर गेलं. आणि चाचा आता तिथं नव्हते, इथं होते!

"सोमवार, छे पैंतीस, सिग्नल पाँच-नौ: 'येतो' पाँच दफे बोले. बुधवार, छे चालीस, पाँच-नौ: पंप का गुस्सा धोंडे पे नक्को. जुमेरात, छे पैंतालीस, पाँच-नौ: साडू को कुर्सी, मेरे को स्टूल. साडू को आमरस दो वाटी..."

(पाच-नऊ म्हणजे आवाज एकदम खणखणीत. एवढा चांगला रिपोर्ट मला आजवर कुणी दिला नव्हता!)

"ते स्टूल मी दिलं होतं तुम्हाला!" सुनंदा कडाडली. "फळीवरचा पिठाचा डबा काढायला!"

"...रानी मांडी के नीचे. सासूबाई के अनारसे से दाढ का सिमेंट निकल गया."

नेटवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उशी डोक्यावर घेतली. चाचांचा आवाज मग जरा खाली आला.

"इसके बाद का मैं लिख नई सका साहब. याद है, बोलता हूँ. बोले, नौकरी गई तो तुम आठ महिने ज्वारी भेजे, और ऊपर से बोले, घर में जगा नई. बोले, बाप मरे बाद बाप तुमिच हो. रो रे थे. मेरे कू भी रोना आया. बस, इत्ताच."

सुनंदा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडत होता.

"जावईबापू," तात्यांचा आवाज आला, जरा चिरका. "तुम्ही ऐकत असाल, तर ते स्प्लिटचं बटण बंद करा. मीबी एकदा इसरलो होतो. तिकडं ऐकायला कुणी नव्हतं म्हणून कळलं नाय कुणाला."

"कुठला दिवा असतो त्याचा?" सुनंदा म्हणाली. मी बोट दाखवलं. तिनं रेडिओला हात लावून नमस्कार केला आणि पदरानं कुंकू पुसलं. खाली दिवा ऐन दिवाळीसारखा लाल लखलखत होता! मी बटण दाबलं. दिवा गेला. पाच दिवसांत सतराशे साठ वाक्यं बोललो होतो, आता एक सुचेना.

"तात्या... येतो. ओव्हर."

"ऐकू आलं," तात्या म्हणाले.

त्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज आला. "तांदूळ सोमवारीच भिजत घातलेत म्हणावं! जावई कितीबी रुसला तरी अनारशाला येतोच! काल गुळात पीठबी मळून ठिवलंय. अन सिमेंट म्हणाले व्हय? या म्हणावं, बघतेच!"

मी चाचांना म्हणालो, "चाचा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार काय के मियाँ? चार रोज मुफत की बातां सुने. अब कल से क्या सुनना, वोइच फिकिर है!"

तात्यांनी त्यांनाही तिथल्या तिथं आवतण दिलं. चाचांनी ते एकदाच स्वीकारलं आणि सगळ्यांना ऐकू गेलं. अनुभवी माणूस!

ठरलेल्या रविवारी आम्ही गेलो. चाचा लांबचा प्रवास करून आदल्या रात्रीच पोचले होते, आणि तात्या अन ते पहाटेपासून रेडिओपुढं खांद्याला खांदा लावून बसले होते. मला दोन उशांची खुर्ची होती. साडूंना स्टूल होतं. (का, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.) माझ्या ताटाभोवती आमरसाच्या तीन वाट्या मांडल्या होत्या. अनारसा तोंडात टाकला तर विरघळला. सासूबाईंनी आम्हा दोघांना ओवाळलं, तेव्हा त्या तोंडभर हसत होत्या. तीन वर्षं त्या या दिवसासाठी थांबल्या होत्या आणि मी माझ्या रुसव्यापायी तो जवळजवळ घालवला होता. परक्या गावच्या एका घड्याळजीनं तो परत आणून दिला. मला फार भरून आलं.

तात्यांनी ते ओळखलं असावं. माझ्यासमोर पाटावर बसले आणि हळूच म्हणाले, "बोला जावईबापू. काय मनात हाय ते समोरासमोर बोला."

चाचांनी चष्मा लावला. सुनंदानं माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की लग्नानंतर पहिल्यांदाच मला डब्याची आठवण झाली नाही. मी आठवडाभर वाक्य पाठ केलं होतं, 'तात्या, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.' छाती भरून श्वास घेतला. तात्यांच्या डोळ्यांत बघितलं. आणि सगळं बळ एकवटून मी तोंड उघडलं.

"तात्या," मी म्हणालो, "आमरस जरा पातळ झालाय."

आणि हे मात्र घरातल्या एकूण एक माणसाला पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.